दारापासून ३५ फूट

दुपारची भांडी आवरून, पाय जरा लांब करून तुम्ही बसला असाल. आज इतिहासाच्या गोष्टीसाठी आपल्याला लांब जायचे आहे, अमेरिकेतल्या बोस्टन शहरात. तिथल्या एका दवाखान्याच्या दारासमोर कोणी किती अंतरावर उभे राहायचे, यावरून वर्षानुवर्षे वाद चालला. तो थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आणि त्याच वादाच्या मधोमध सहा बाया कोणाला न सांगता एका खोलीत भेटत राहिल्या. त्या सहाजणींसाठी आजचा हा सगळा प्रवास.

ही गोष्ट आत्ताच का, तेही सांगतो. मागच्या महिन्यात आम्ही गर्भपाताच्या कायद्यावर बोललो होतो. त्यानंतर केंद्रावर फोन आले. एका ताईंनी सांगितले, असले विषय रेडिओवर आणता, पाप लागेल. दुसऱ्या एका आजींनी सांगितले, माझी धाकटी बहीण गावठी औषधाने गेली, तेव्हा हा कायदा नव्हता, तुम्ही बोलत राहा. दोन्ही फोन आम्ही पुन्हा पुन्हा आठवले. मग आमच्या आमच्यातच जुंपली. आम्ही सातजणी हा कार्यक्रम करतो. 'गर्भ' म्हणायचे की 'बाळ', एवढ्यावरून दोघींनी चार दिवस एकमेकींशी बोलणे टाकले. आपल्या भाषेत तर शब्दच किती! बाई म्हणते 'दिवस गेलेत', सासू म्हणते 'पोटात लेकरू आहे', डॉक्टर म्हणतात 'गर्भ आठ आठवड्यांचा', आणि नको असेल तेव्हा सगळ्या आवाज बारीक करून म्हणतात, 'पिशवी साफ करायची आहे'. त्या चार दिवसांत आम्हाला बोस्टनची ही हकिकत सापडली.

आधी थोडी मागची ओळख. २२ जानेवारी १९७३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'रो विरुद्ध वेड' या खटल्यात निकाल दिला आणि गर्भपात हा बाईचा घटनात्मक हक्क ठरला. आपल्याकडे दोन वर्षे आधीच, १९७१ साली, संसदेने कायदा केला होता. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिने १९६६ मध्ये अहवाल दिला आणि त्यावरून कायदा झाला. पण आपल्याकडे हा प्रश्न आला तो बायकांचे जीव वाचवण्याचा म्हणून. चोरून, घाणेरड्या जागी, सुईणीच्या काडीने बाया मरत होत्या. तिकडे हा प्रश्न सुरुवातीपासूनच धर्म आणि हक्क यांच्यातला झाला. एका बाजूचे स्वतःला 'प्रो-लाइफ' म्हणवतात. पोटात जीव धरला त्या क्षणापासून तो माणूसच, असे ते मानतात. दुसऱ्या बाजूचे 'प्रो-चॉइस'. बाईच्या शरीराचा निर्णय बाईचाच, असे ते मानतात.

बोस्टन हे कॅथलिक ख्रिस्ती लोकांचे मोठे शहर. आयर्लंडहून, इटलीहून आलेल्या घरांचे. आपल्या वसईच्या किंवा गोव्याच्या मैत्रिणींना रोझरी सांगायला नको. हातात जपमाळ घ्यायची आणि मरीयामातेची प्रार्थना मण्यामण्याने म्हणायची. तीच माळ घेऊन तिथले लोक गर्भपात होणाऱ्या दवाखान्यांसमोर उभे राहू लागले. त्यात बाया खूप, आणि उतारवयाच्या बाया जास्त. थंडी असो, बर्फ असो, त्या येत. कोणी गुडघे टेकून प्रार्थना करी, कोणी हातात फक्त फोटो धरी. आत जाणाऱ्या मुलीला कोणी हळूच विचारी, पोरी, काही मदत हवी का, एकटी आहेस का. त्यांच्या मनात काय होते? आत एक जीव जातो आहे आणि त्याच्यासाठी रडणारे कोणी नाही, तर निदान आपण उभे राहू. ज्याची श्रद्धा अशी आहे, त्याला घरी बसवत नाही, हे आपण समजू शकतो.

पण सगळेच असे शांत उभे राहत नव्हते. १९८० च्या दशकाच्या शेवटी 'ऑपरेशन रेस्क्यू' नावाची संघटना पुढे आली. तिची माणसे दवाखान्याच्या दारातच मांडी ठोकून बसत, एकमेकांचे हात गुंफून वाट अडवत आणि पोलीस उचलून नेईपर्यंत हलत नसत. १९८८ च्या उन्हाळ्यात अटलांटा शहरात अशा शेकडो जणांना अटक झाली. १९९१ मध्ये विचिटा शहरात हे सहा आठवडे चालले आणि अटकेचा आकडा अडीच हजारांवर गेला. बोस्टनला लागून ब्रुकलाइन नावाचे गाव आहे, तिथल्या दवाखान्यांसमोरही दारे अडवली गेली. तिथल्या न्यायालयाला मनाई हुकूम काढावा लागला.

आता दवाखान्यात येणाऱ्या बाईच्या जागी उभे राहून पाहा. ती कधी नवऱ्याबरोबर येते, कधी मैत्रिणीबरोबर, कधी एकटी. कोणी तपासणीसाठी आलेली, कोणी गोळ्यांसाठी, कोणी गर्भपातासाठी. फूटपाथवरच्या माणसांना ते कळत नाही, पण ती पंधरा पावले चालताना सगळे जग आपल्याकडे बघते आहे असे तिला वाटते. प्रार्थना करणारी आजी आणि ओरडणारा माणूस यांच्यात फरक आहे. पण खाली मान घालून चालणाऱ्या बाईला तो फरक दर वेळी दिसेलच असे नाही. म्हणून दवाखान्याच्या बाजूनेही स्वयंसेवक उभे राहू लागले. ते आलेल्या बाईच्या दोन्ही बाजूंनी चालत तिला दारापर्यंत नेत. म्हणजे एका बाईच्या दोन्ही अंगांना दोन मतांची माणसे, आणि दोघांनाही वाटते की तिचे भले आपणच करतो आहोत.

आणि मग ३० डिसेंबर १९९४ उजाडला. ब्रुकलाइनच्या बीकन स्ट्रीटवर दोन दवाखाने होते, एकमेकांपासून थोड्याच अंतरावर. त्या सकाळी एक तरुण बंदूक घेऊन पहिल्यात शिरला, गोळ्या झाडल्या, तिथून निघाला आणि दुसऱ्यात शिरला. दोन्ही ठिकाणी स्वागतकक्षात बसून आलेल्यांची नावे लिहून घेणारी एकेक बाई होती. दोघी मेल्या. एक २५ वर्षांची, दुसरी ३८ वर्षांची. आणखी पाचजण जखमी झाले. त्याआधी १९९३ च्या मार्चमध्ये फ्लोरिडातल्या पेन्सकोला गावी एका डॉक्टरला दवाखान्याबाहेर गोळी घालून मारले होते. १९९४ च्या मे महिन्यात देशाचा नवा कायदा झाला होता, की दवाखान्याची वाट बळाने किंवा धमकीने अडवणे हा गुन्हा. तरी हे घडले.

जीव वाचवा म्हणून उभ्या राहणाऱ्यांच्या बाजूने बोलणारा एकजण दोन जीव घेऊन गेला. माळ घेऊन उभ्या राहणाऱ्या बायांना काय वाटले असेल? त्यांनी काही बंदूक उचलली नव्हती. पण आता त्यांच्याकडे बघणारी नजर बदलली. बोस्टनचे कार्डिनल बर्नार्ड लॉ हे तिथल्या कॅथलिकांचे सर्वांत मोठे धर्मगुरू. त्यांनी आपल्या लोकांना सांगितले, की दवाखान्यांसमोर उभे राहणे काही काळ थांबवा. सगळ्यांना हे पटले नाही. प्रार्थना आम्ही का थांबवावी, गुन्हा तर दुसऱ्याने केला, असे म्हणणारेही होते. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी आणि कार्डिनलांनीही दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनी एकमेकांशी बोलावे असे आवाहन केले.

असे आवाहन आपण पुष्कळ ऐकतो. सभेत टाळ्या पडतात आणि लोक घरी जातात. इथे मात्र सहा बायांनी ते मनावर घेतले. वादात मध्यस्थी करणाऱ्या एका संस्थेने त्यांना बोलावले. तीन बाया प्रो-चॉइस. त्यांत निकी निकोल्स गॅम्बल या गोळीबार झालेल्या एका दवाखान्याच्या संस्थेच्या प्रमुख, अ‍ॅन फाउलर या एका चर्चच्या धर्मोपदेशिका, आणि मेलिसा कोगट या गर्भपाताच्या हक्कासाठी काम करणाऱ्या संघटनेच्या संचालिका. तीन बाया प्रो-लाइफ. त्यांत फ्रान्सिस होगन या वकील, मॅडलिन मॅककोमिश या रसायनशास्त्राच्या जाणकार आणि राज्यातल्या मोठ्या प्रो-लाइफ संघटनेच्या अध्यक्ष, आणि बार्बरा थॉर्प या बोस्टनच्या कॅथलिक धर्मप्रांताच्या प्रो-लाइफ कार्यालयाच्या प्रमुख. म्हणजे धर्म एका बाजूला आणि हक्क दुसऱ्या बाजूला, असे सरळ वाटपही तिथे नव्हते. गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने एक धर्मोपदेशिकाच बसली होती.

पहिली बैठक ५ सप्टेंबर १९९५ रोजी झाली. कोणाला कळू द्यायचे नाही असे ठरले होते, कारण कळले असते तर दोन्हीकडच्या लोकांनी त्यांनाच फितूर म्हटले असते. जीवही धोक्यात होता. बैठकीला जाण्याआधी प्रो-लाइफ बाजूच्या बाया जवळच्या एका साध्या उपाहारगृहात बसल्या आणि त्यांनी मिळून प्रार्थना केली. ज्यांना आपण पापाच्या बाजूचे मानतो त्यांच्याशी बोलायला बसलो, तर आपल्याच लोकांना काय वाटेल, ही भीती त्यांना होती. समोरच्या बायांनाही शंका होतीच, की यातून काही निघणार आहे का, की उगाच वेळ जाणार. आम्हाला या जागी थांबावेसे वाटले. दाराबाहेर दुसऱ्यासाठी केलेली प्रार्थना आपण ऐकली. ही प्रार्थना त्यांनी स्वतःसाठी केली, समोरच्या माणसाचे ऐकून घेण्याआधी.

सुरुवातीला चारच बैठका ठरल्या होत्या. पहिलाच अडथळा शब्दांचा आला. अगदी आमच्यासारखा! एकीला 'न जन्मलेले बाळ' हाच शब्द खरा वाटे, दुसरीला तो अन्यायाचा वाटे. दुसरीचा दवाखान्यातला शब्द पहिलीच्या कानाला निर्दय वाटे. शेवटी दोन्हीकडच्या बायांनी 'मानवी गर्भ' हा शब्द वापरायचे ठरवले. तो कोणालाच मनापासून आवडला नाही, पण तो उच्चारला की कोणी उठून जाणार नव्हते. एकमेकींना ज्या नावाने ओळखले जावेसे वाटते, तेच नाव घ्यायचे, हेही ठरले. 'खुनी' म्हणायचे नाही, 'बायकांचे वैरी' म्हणायचे नाही. आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट ठेवली, की इथे तडजोड करायची नाही. मधला मार्ग शोधायला आपण जमलेल्या नाही. आपण जमलो आहोत ते एकमेकींना नीट समजून घ्यायला, बाहेरची भाषा जरा खाली आणायला आणि पुन्हा कोणी बंदूक घेऊन येऊ नये म्हणून.

चार बैठका संपल्या. गोळीबाराला वर्ष होईपर्यंत भेटू, असे म्हणाल्या. वर्षही झाले. तरी त्या भेटतच राहिल्या, साडेपाच वर्षे, सगळे मिळून दीडशे तासांहून जास्त. त्यातून काय निघाले? मत एकीचेही बदलले नाही. उलट आपापल्या मताची मुळे त्यांना अधिक स्वच्छ दिसली. पण बाहेर भाषणे करताना, वर्तमानपत्राला मुलाखत देताना त्यांची जीभ बदलली. आणि फार मोठी गोष्ट म्हणजे धोक्याची खबर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाऊ लागली. डॉक्टरांना मारणे योग्यच आहे असे म्हणणारा परराज्यातला एक माणूस बोस्टनला येणार होता. तेव्हा प्रो-लाइफ बायांनीच त्याला लिहून कळवले, की तुझे इथे काम नाही. निकी गॅम्बल यांच्या जिवाला धोका असू शकतो ही सूचनाही त्यांना समोरच्या बायांकडूनच मिळाली. दवाखाना बंद व्हावा म्हणून आयुष्य घालवणारी बाई त्याच दवाखान्याच्या प्रमुख बाईला सांगते आहे, की सांभाळून राहा.

२८ जानेवारी २००१ रोजी सहाजणींनी आपापली नावे घालून 'बोस्टन ग्लोब' या वर्तमानपत्रात सगळी हकिकत लिहिली. तोपर्यंत बाहेर फारसे कोणाला माहीत नव्हते.

फूटपाथवरचा वाद मात्र त्याने मिटला नाही, तो कायद्याकडे गेला. त्याआधीच, २००० साली, मॅसॅच्युसेट्स राज्याने नियम केला होता, की दाराजवळच्या १८ फुटांत कोणाच्या इच्छेविरुद्ध त्याच्या ६ फुटांच्या आत जायचे नाही. पोलिसांचे म्हणणे पडले, की हे मोजायचे कसे. मग २००७ मध्ये सरळ ३५ फुटांची हद्द ठरली. फूटपाथवर रंगाने कमानी आखल्या, पाट्या लावल्या. ३५ फूट म्हणजे साधारण आपली एक एसटी आडवी लावावी एवढे. आतून रस्त्याने जाणाऱ्याने जावे, दवाखान्याच्या नोकरांनी जावे, पण प्रार्थनेला किंवा बोलायला कोणी थांबायचे नाही.

एलिनॉर मॅककलन नावाच्या सत्तरी ओलांडलेल्या आजी बोस्टनच्या दवाखान्यासमोर उभ्या राहत. त्या ओरडत नसत, फलक नाचवत नसत. हळू आवाजात विचारत, की तुला काही मदत करू का. त्यांचे म्हणणे असे, की ३५ फुटांवरून हळू बोलता येत नाही. हळू बोलायचे तर जवळ जावे लागते, लांबून फक्त ओरडता येते. नव्या नियमानंतरही सुमारे ८० बायांचे मन आपण वळवले, पण पूर्वीपेक्षा फार कमी जणींपर्यंत पोहोचता येते, असे त्यांनी न्यायालयाला सांगितले. २६ जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती हद्द रद्द केली. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिलेल्या निकालाचा मथितार्थ असा, की या बाया निदर्शक नाहीत, त्यांना बोलायचे आहे. आणि गर्दीची अडचण मुख्यतः एका शहरात, एका दवाखान्यासमोर, शनिवारी सकाळी होते. तेवढ्यासाठी राज्यभरचा सार्वजनिक फूटपाथ बंद करता येणार नाही. वाट अडवणाऱ्याला जरूर धरा, शांत उभ्या असलेल्याला नको. साधारण महिन्याभराने राज्याने नवा नियम केला, की वाट अडवणाऱ्यांना पोलीस हटवू शकतील आणि त्यांनी काही तास दारापासून २५ फूट लांब राहायचे.

ब्रिटनने दुसरे उत्तर दिले. लंडनच्या ईलिंग भागात २०१८ मध्ये तिथल्या पालिकेने दवाखान्याभोवती हद्द आखली. पुढे इंग्लंड आणि वेल्ससाठी देशाचाच कायदा झाला आणि ३१ ऑक्टोबर २०२४ पासून दवाखान्याभोवती १५० मीटरची हद्द आली. मूक प्रार्थनाही तिथे गुन्हा ठरू शकते का, यावर तिकडे कडाक्याचे वाद आहेत. एकजण म्हणतो, मनातली प्रार्थना कोण मोजणार. दुसरा म्हणतो, ती प्रार्थना घरी करा, नेमकी माझ्या दारातच का. मैत्रिणींनो, दोन्ही प्रश्न खरे आहेत.

आपल्याकडे दवाखान्यासमोर असा प्रार्थनेचा रिवाज रुजला नाही. पण आपल्याही बाया दवाखान्यांसमोर उभ्या राहिल्या आहेत. १९८० च्या दशकात मुंबईत गर्भलिंग तपासणीविरुद्ध मंच उभा राहिला, त्याच्या बायांनी मुलगी म्हणून गर्भ पाडण्याला विरोध केला. त्या चळवळीमुळे १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला गर्भलिंग तपासणीविरोधी कायदा केला आणि १९९४ मध्ये संसदेनेही असा कायदा केला. त्या बायांनाही हाच पेच होता, की तपासणी थांबवायची, पण अडचणीतल्या बाईचे दार बंद होऊ द्यायचे नाही. त्याही आधी, १८६३ मध्ये, जोतिबा आणि सावित्रीबाईंनी पुण्यात विधवांसाठी घर उघडले, की इथे येऊन गुपचूप बाळंत व्हा, मूल आम्ही सांभाळू. जीव वाचवा असे सांगणाऱ्याने पुढे काय करायचे असते, याचा तो आपल्या मातीतला दाखला. आणि २०२१ मध्ये आपल्या कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा गर्भपात करून घेणाऱ्या बाईचे नाव उघड करण्यावर बंदी आली. तिला खाली मान घालून चालावे लागू नये, हाच त्यामागचा हेतू.

तर आम्ही काय केले, ते सांगून थांबतो. आमच्या त्या दोघींना समोरासमोर बसवले. बोस्टनच्या बायांचा नियम घेतला, की समोरचीला जे नाव हवे तेच घ्यायचे, आणि तिचे संपेपर्यंत मध्ये बोलायचे नाही. एक म्हणाली, माझे दोन महिन्यांचे पडले तेव्हा मी बाळच गमावले, तुम्ही त्याला गर्भ म्हटले की माझे दुःख खोटे ठरते. दुसरी म्हणाली, माझ्या वहिनीला चौथ्या खेपेला डॉक्टरांनी जीव जाईल असे सांगितले होते, तिच्यासमोर कोणी बाळ बाळ करत उभे राहिले असते तर ती आत गेलीच नसती आणि आज तिची तीन लेकरे पोरकी असती. दोघीही रडल्या. मत कोणाचेच बदलले नाही. दुसऱ्या दिवशी दोघी एकाच स्कूटीवरून केंद्रावर आल्या.

फोन करणाऱ्या त्या ताई आणि त्या आजी आज ऐकत असतील, तर त्यांना आमचे बोलावणे आहे. येत्या बुधवारी दुपारी केंद्रावर या. चहा आमच्याकडे. दोघींना एकाच चटईवर बसवू आणि दोघींचे पूर्ण ऐकू.